खळ्यातला हिशेब, सभागृहातला प्रश्न

भात लोंबीवर येऊन पिवळे पडू लागले की गुहागरच्या खोती गावांतून एक माणूस बांधाबांधाने हिंडत असे. तो स्वतः खोत असे किंवा खोताचा कारकून. उभ्या पिकावर नजर टाकून या तुकड्यात किती मण भात उतरेल, याचा तो अंदाज बांधी. या पाहणीला अभावणी म्हणत. पुढे कापणी होई, झोडणी होई, खळ्यात रास पडे. पण खोताचा वाटा ठरायचा तो या अंदाजावर. जमीन अर्धेलीची असेल तर निम्मे पीक, तिर्धेलीची असेल तर तिसरा हिस्सा. तो मोजून, वाहून खोताच्या घरी पोचवायचे कामही कुळाचेच. अंदाज चढा वाटला तर कूळ तसे बोलून दाखवी, पण गावात दाद मागायची ती ज्याने अंदाज बांधला त्याच्याकडेच. खळ्यात दोनच माणसे असत, मोजून घेणारा आणि मोजून देणारा. हा हिशेब ऐकणारा तिसरा कोणी तिथे नव्हता. कोकणच्या कुळांच्या दृष्टीने विधिमंडळ नावाच्या संस्थेचा इतिहास म्हणजे हा तिसरा माणूस मिळवण्याचा इतिहास आहे. तो तपासला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रादेशिक विधिमंडळाचे मोल त्याला किती अधिकार आहेत यावर जेवढे ठरते, त्याहून अधिक ते तिथे कोणाच्या वतीने कोण बसले आहे यावर ठरते. अधिकार अपुरे असलेले सभागृहही योग्य माणसाच्या तोंडून बोलू लागले की इतिहास हलवते. उलट, अधिकार असूनही एकाच बाजूची माणसे आत असली की ते सभागृह जुना अन्याय कायद्याच्या भाषेत लिहून काढते.

गुहागरच्या उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड आहे. आदिलशाहीनंतर या किनाऱ्यावर मराठ्यांचा अंमल बसला. १६९९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने अंजनवेल घेतले. १७४४ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी ते सोडवले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत ते पेशव्यांकडे गेले आणि १८१८ च्या मे महिन्यात तिथे इंग्रजांचे निशाण चढले. गडावरची निशाणे अशी बदलत गेली, पण गडाखालच्या गावांतला खोत बदलला नाही. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या या चिंचोळ्या, डोंगराळ पट्ट्यात एकेका कुळाकडून सारा गोळा करणे कोणत्याच सरकारला सोपे नव्हते. म्हणून गावाचा सारा एकरकमी भरण्याची हमी घेणारा माणूस सगळ्यांनाच हवा होता. खोत दरसाल सरकारला कबुलायत लिहून देई, ठरलेला सारा भरी आणि गावाची वहिवाट पाही. पडीक जमीन लागवडीला आणणे, नव्या कुळांना कौल देऊन वसवणे, बियाणे उसने देणे, ही कामेही त्याने केली. खोतीचा उगम लूट म्हणून झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ती राज्यकर्त्यांच्या सोयीतून जन्माला आली आणि वंशपरंपरेने वतन बनली.

बिघाड झाला तो सोयीचे रूपांतर मालकीत होत गेले तसा. रत्नागिरी जिल्ह्यात तीन तऱ्हेची गावे होती. जिथे शेतकरी स्वतःचा धारा थेट भरी ते धारेकरी गाव, जिथे खोतामार्फत भरणा होई ते खोती गाव आणि जिथे दोन्ही प्रकार नांदत ते खिचडी गाव. धारेकऱ्याची जमीन त्याची स्वतःची असे. ती विकता येई, गहाण ठेवता येई, मुलाला देता येई. शेजारच्या बांधापलीकडचे खोती कूळ तेच भात, त्याच पावसात, तेवढ्याच कष्टाने पिकवी. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या त्या जमिनीवर आपला हक्क नेमका काय, हे त्याला सांगता येत नसे. सरकारला पोचणारा सारा आणि कुळाकडून येणारा हिस्सा यांतला फरक खोताचा. त्याला फायदा असाच शब्द होता. त्यावर वेठ होतीच. खोताच्या शेतात नांगर धरणे, त्याच्या घराची शाकारणी करणे, ओझी वाहणे, यांची मजुरी मिळत नसे आणि नाही म्हणण्याची सोय नसे. सारा वसूल करणारा, जमिनीवर हक्क सांगणारा आणि गावातल्या तंट्यांचा निवाडा करणारा अशा तीन भूमिका एकाच ओसरीवर एकवटल्या, हा या व्यवस्थेचा मूळ दोष होता. खोत माणूस म्हणून चांगला की वाईट, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम होता.

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या भागाची पाहणी-मोजणी सुरू केली तेव्हा हा गुंता पहिल्यांदा कागदावर आला. पाहणी अधिकारी कुळाचे नाव लिहू पाहत होते आणि खोत त्याला हरकत घेत होते, कारण एकदा नाव लागले की हक्क आला. हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि अखेर १८८० चा मुंबई इलाख्याचा पहिला कायदा म्हणून खोती सेटलमेंट कायदा आला. तो करणारे कौन्सिल कसे होते, हे इथे पाहिले पाहिजे. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नरच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते काही जादा सभासद नेमले जात. त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी असावेत असा नियम होता, पण निवडणूक नव्हती आणि सभासदाला सरकारला प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती. दापोलीजवळच्या मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ पासून काही वर्षे या कौन्सिलात होते. विद्वान, निर्भीड, कायद्याचा गाढा अभ्यास असलेला हा माणूस स्वतः खोत घराण्यातला होता आणि खोत हा जमिनीचा मालकच आहे ही भूमिका त्याने निष्ठेने मांडली. मंडलिकांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या दालनात खोताची बाजू मांडायला खोत होता आणि सरकारची बाजू मांडायला सरकार होते. अंजनवेल-पालशेतच्या कुळाची बाजू मांडायला कूळ नव्हते. कायद्याने जुन्या, कायम वहिवाटीच्या कुळांना काही संरक्षण दिले, दर ठरवण्याच्या रीती घालून दिल्या, आणि खोताचे स्थान मात्र पक्के केले. पूर्वी जे रूढीने चालत होते त्याला आता कलमांचा आधार मिळाला. पुढे शतक पालटताना खोतीविषयी पुन्हा कायद्याची हालचाल झाली तेव्हा लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’तून खोतांचीच बाजू घेतली. राष्ट्राच्या हक्कांसाठी लढणाऱ्या माणसालाही आपल्या गावच्या कुळाचा हक्क त्याच नजरेतून दिसला नाही. प्रतिनिधित्वाची गरज का असते, याचे याहून स्पष्ट उत्तर शोधावे लागू नये.

१८८० नंतरच्या साठ वर्षांत सभागृहाची दारे एकेका फळीने उघडत गेली. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले. १९०९ च्या कायद्याने ठराव मांडता येऊ लागले. १९१९ च्या कायद्याने मुंबईच्या कौन्सिलात निवडून आलेल्यांचे बहुमत झाले आणि काही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. पण जमीनमहसूल हे खाते राखीव राहिले, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी सभासदांच्या हाती. कुळाच्या पोटाशी निगडित असलेला विषय लोकांच्या मंत्र्यांना शिवता येत नव्हता. तरीही अशा अर्धवट सभागृहात काय घडू शकते, याचे उदाहरण रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी घालून दिले. ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांनी सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा ठराव कौन्सिलात मंजूर करून घेतला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडला म्हणून कोणाला शिक्षा होत नव्हती. पण त्याच्या आधाराने महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. ती घोषणा प्रत्यक्षात उतरत नाही म्हणून मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. कागदावरच्या एका ठरावाने लोकांच्या हाती एक वाक्य दिले: हे तुम्हीच मान्य केले आहे. कोकणातल्या चळवळींना सभागृहाचा पहिला उपयोग झाला तो असा.

खोतीचा प्रश्न सभागृहाच्या दारापर्यंत पोचला तो मात्र गावातून सरळ वाटेने नव्हे. तो मुंबईच्या गिरणगावातून वळसा घेऊन पोचला. खोताचा हिस्सा दिल्यावर उरलेल्या भातावर वर्ष निघत नसे, म्हणून घरातला एक तरणा माणूस दाभोळच्या बंदरातून बोटीने मुंबई गाठी. परळ-लालबागच्या चाळींत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांची दाटी झाली ती यातून. गावी कूळ आणि मुंबईत कामगार अशी एकाच घराची दोन रूपे होती. मुंबईत त्या माणसाला पगाराच्या दिवशी रोख रक्कम मिळे, संप पाहायला मिळे, सभा ऐकायला मिळे; शिमग्या-गणपतीला तो गावी आला की हे सगळे त्याच्याबरोबर येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः याच जिल्ह्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातले. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला शेतकऱ्यांची परिषद झाली, तिच्या अध्यक्षपदावरून त्यांनी खोतीवर हल्ला चढवला. गुहागर तेव्हा चिपळूण तालुक्याचाच भाग होता. त्या वेळी आंबेडकर मुंबई कौन्सिलाचे नेमलेले सभासद होते. तिकडे अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांनी जमिनी कसायचे थांबवले आणि तो संप १९३९ पर्यंत टिकवला. सलग सहा वर्षे शेते ओसाड ठेवून लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून जगणाऱ्या त्या माणसांनी खोतीचा प्रश्न वतनदारांच्या आपसातल्या वादातून कायमचा बाहेर काढला.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताची विधानसभा १७५ सभासदांची होती. मताचा हक्क मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांवर बांधलेला असल्याने देशातल्या बहुसंख्य लोकांना तो नव्हताच. तरीही आदल्या वर्षी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे डझनाहून अधिक उमेदवार निवडून आले. आंबेडकर भायखळा-परळ या भागातून, म्हणजे कोकणच्या कुळांची मुले जिथे राबत होती त्या वस्तीतून आले. त्यांच्याबरोबर सभागृहात गेलेले अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर हे कोकणातल्या कुळांच्या लढ्यातले होते. बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ जुलैत सत्तेवर आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचा गाभा तीन गोष्टींत होता. खोत नावाचा मधला दुवा काढून सरकार आणि जमीन कसणारा यांचा थेट संबंध जोडावा. जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याला १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यातल्या कब्जेदाराचा दर्जा मिळावा. आणि खोताला त्याच्या गेलेल्या हक्कांबद्दल वाजवी भरपाई द्यावी.

हे विधेयक कोणत्या चौकटीत मांडले गेले, हे समजल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. १९३५ च्या कायद्याच्या २९९ व्या कलमात एक मोठा अडसर होता. जमिनीवरचे हक्क नष्ट करणारे किंवा बदलणारे कोणतेही विधेयक प्रांतिक सभागृहात मांडण्याआधी गव्हर्नरची संमती लागे आणि ती देणे न देणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर होते. जमीनमहसुलाविषयीचे हक्कही यात स्पष्ट शब्दांत धरले होते. मांडल्यावरही खासगी सभासदाच्या विधेयकाची वाट लांब असते. आधी मांडण्याची परवानगी, मग राजपत्रात प्रसिद्धी, पहिले वाचन, प्रवर समिती, कलमवार चर्चा, शेवटचे वाचन, दुसरे सभागृह आणि गव्हर्नरची सही. सरकारी कामकाजातून उरलेल्या वेळात हे सगळे बसवायचे. सत्ताधारी पक्षाची इच्छा नसेल तर असे विधेयक फेटाळण्याचीही गरज पडत नाही, ते रांगेत उभे राहूनच विरते. आंबेडकरांचे विधेयक तसेच मागे पडले. पण ते मांडले गेल्यामुळे खोतीचे रक्षण करू पाहणाऱ्यांना आता सभागृहात, नोंदवहीसमोर, का आणि कोणासाठी याचे उत्तर देणे भाग पडले. अभावणीचा अंदाज कसा बांधला जातो, वेठ म्हणजे काय, कुळाला पावती का मिळत नाही, ही ओसरीवरची बोली इंग्रजी कामकाजाच्या छापील पानांवर गेली. जो हिशेब ऐकायला खळ्यात तिसरा माणूस नव्हता, तो आता सगळा प्रांत ऐकू शकत होता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लढा संपाने आणि मोर्च्याने जिंकला, सभागृहाने नव्हे, असे म्हणणारे १० जानेवारी १९३८ कडे बोट दाखवतात. त्या दिवशी रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी मुंबईत जमले आणि आंबेडकर, परुळेकर, इंदुलाल याज्ञिक अशा नेत्यांबरोबर कौन्सिल हॉलवर चालून गेले. सभागृह भरत होते ती इमारत म्हणजे कुलाब्याकडच्या टोकाला असलेले जुने खलाशांचे वसतिगृह. समुद्रावरून आलेली कोकणची माणसे खलाशांच्याच घरात भरलेल्या सभागृहासमोर उभी राहिली. मोर्चा नसता तर विधेयकाकडे कोणी लक्ष दिले नसते, हे खरे आहे. पण तो मोर्चा खोताच्या वाड्यावर गेला नाही, कलेक्टरच्या कचेरीवर गेला नाही. तो विधानसभेवर गेला, कारण मागणी नेमक्या कलमांत लिहून आत ठेवलेली होती आणि बाहेरच्या माणसांना आपण काय मागतो आहोत हे त्या कलमांवरून सांगता येत होते. चरीच्या संपाचा शेवटही महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्या मध्यस्थीने आणि १९३९ च्या कूळ कायद्याकडे बोट दाखवूनच झाला. आतल्या विधेयकाला बाहेरच्या पायांचे बळ लागते आणि बाहेरच्या पायांना आतल्या विधेयकाची दिशा लागते. यांतले एक काढून घेतले तर दुसरे लंगडे पडते.

दुसरा आक्षेप असा की ज्याला गव्हर्नरच्या परवानगीविना जमिनीचा विषयही काढता येत नाही ते विधिमंडळ म्हणजे नुसता देखावा. खरे काम सार्वभौम सत्ता आल्यावरच झाले. याला उत्तर देताना जगातल्या दुसऱ्या एका मर्यादित सभागृहाकडे पाहणे उपयोगी आहे. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या ओलंड बेटांना १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या निर्णयाने फिनलंडच्या सार्वभौमत्वाखाली स्वायत्तता मिळाली. १९२२ मध्ये त्यांची विधानसभा पहिल्यांदा भरली. तिथले सभासद अवघे तीस. परराष्ट्र व्यवहार, न्यायव्यवस्थेचा मोठा भाग, बहुतेक कर हे विषय तिच्याकडे नाहीत. तिने केलेला प्रत्येक कायदा फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांपुढे तपासणीसाठी जातो. तरीही शिक्षण, आरोग्य, पोलीस, स्थानिक उद्योग हे विषय ती चालवते आणि बेटांवरची जमीन बेटांवरच्या रहिवाशांच्याच हाती राहावी ही व्यवस्था तिथल्या स्वायत्ततेचा कणा मानली जाते. अधिकारांची यादी तिथेही तोकडीच आहे. फरक असा की तिथे राष्ट्राध्यक्षांना कायदा अडवता येतो तो ठरावीक कारणांसाठीच, सभागृहाने आपली हद्द ओलांडली किंवा देशाच्या सुरक्षेला बाध आला तर. १९३५ च्या गव्हर्नरला मात्र असे कारण द्यावे लागत नव्हते. म्हणून अपुरी स्वायत्तता आणि खोटी स्वायत्तता यांत गल्लत करता कामा नये. यादी लहान असली तरी तिच्यातल्या विषयांवर शेवटचा शब्द सभागृहाचा असेल तर ती स्वायत्तता खरी. त्या कसोटीवर १९३७ चे मुंबईचे सभागृह कमी पडते, हे मान्यच केले पाहिजे. पण कमी पडले म्हणजे निरुपयोगी ठरले असे नव्हे. महायुद्धात हिंदुस्थानला परस्पर ओढल्याच्या निषेधार्थ १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारभार गव्हर्नरकडे गेला आणि १९४६ पर्यंत सभागृह बंदच राहिले. पुन्हा खेर मंत्रिमंडळ आले, स्वातंत्र्य मिळाले आणि १९४९ मध्ये मुंबई खोती निर्मूलन कायदा झाला. १५ मे १९५० पासून तो अमलात आला. त्याची रचना पाहिली तर मधला दुवा काढणे, थेट कब्जेदारी, गेलेल्या हक्कांना भरपाई, हाच साचा तिथे भेटतो. सत्ता नवी होती, बहुमत नवे होते, पण कशाला हात घालायचा आणि कसा, हे बारा वर्षांपूर्वी एका न मंजूर झालेल्या विधेयकाने सांगून ठेवले होते.

तिसरा आक्षेप खोतांच्या बाजूने येतो आणि तोही ऐकलाच पाहिजे. सगळे खोत जुलमी नव्हते. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होत गेल्याने अनेक खोतांचा हिस्सा आणे-पैंपर्यंत घसरला होता. पीक बुडाले तरी सारा भरण्याची हमी त्यांच्यावरच असे. गावची देवळे, पाणवठे, शाळा यांना हातभार लावणारे खोतही कोकणाने पाहिले आहेत. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच १९३७ च्या विधेयकात खोताला भरपाई होती. एखादी व्यवस्था मोडताना तिच्या आधाराने जगणाऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडू नये, ही जाणीव त्या मसुद्यात आहे. परंतु चांगल्या खोताचा दाखला व्यवस्थेचे समर्थन करत नाही. ज्या गावात कुळाचे बरे-वाईट खोताच्या स्वभावावर ठरते, तिथे कुळाला हक्क नाही, कृपा आहे. कृपा आटली की मागायला जागा राहत नाही. कायद्याचे काम चांगल्या माणसाला बक्षीस देण्याचे नसून वाईट माणूस आला तरी दुबळ्याचे नुकसान होऊ नये अशी रचना करण्याचे आहे.

चौथा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. कायदा झाला, पण गावात काय बदलले? खोती गेली तरी जमिनीचे कागद एका रात्रीत बदलले नाहीत. खोताची खासगी जमीन कोणती, खोत निसबत कोणती, कुळाची वहिवाट कधीपासूनची, वरकस म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन कोणाची, बांधावरचा फणस कोणाचा, हे ठरवताना पुन्हा लिहिता-वाचता येणाऱ्याचा वरचष्मा झाला. ज्याला कधी पावती मिळाली नव्हती त्याच्याकडेच पुरावा मागितला गेला. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळे मालक मानली गेली, तरी नाव लावून घेण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या अनेकांना झिजवाव्या लागल्या, आणि मुंबईला गेलेल्या मुलांची घरे त्यात अनेकदा मागे राहिली. आजही गुहागरसारख्या तालुक्यात जुन्या जमिनीचा व्यवहार करायचा म्हटले की सातबारा आणि जुने फेरफार मागवावे लागतात, आणि त्या पिवळ्या पडलेल्या कागदांत खोत हा शब्द भेटतो. या आक्षेपातून निघतो तो विधिमंडळाच्या निरर्थकतेचा निष्कर्ष नव्हे. निघतो तो असा की सभागृहाचे काम कायदा मंजूर होताना संपत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना ही साधने त्यासाठीच आहेत. कायदा तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचला का, हे तिथे विचारायचे असते, आणि ते विचारायला त्या गावच्या मातीचा माणूस तिथे असावा लागतो.

म्हणून सभागृहातली एकेक जागा महत्त्वाची. याविषयीचा एक अलीकडचा निर्णय गुहागरशी जोडलेला आहे. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेत गोंधळ झाला. त्या वेळी गुहागरचे आमदार भास्कर जाधव तालिका अध्यक्ष म्हणून अध्यक्षपदाच्या आसनावर होते. संसदीय कार्यमंत्र्यांनी मांडलेल्या ठरावाने सभागृहाने विरोधी पक्षाच्या बारा सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवले. चालू अधिवेशनापलीकडे असे निलंबन टिकत नाही असे सांगितले. त्या दिवशी सभागृहात कोणाचे चुकले, याची चर्चा राजकारणात व्हायची ती झाली. इथे महत्त्वाचा आहे तो न्यायालयाचा युक्तिवाद. सदस्याची हकालपट्टी झाली तर पोटनिवडणूक होऊन जागा भरते. पण वर्षभराच्या निलंबनात जागा भरत नाही आणि रिकामीही मानली जात नाही, त्यामुळे शिक्षा सदस्याला न होता त्याच्या मतदारसंघाला होते. बाजू कोणतीही असो, गुहागरच्या इतिहासाला हा युक्तिवाद परका नाही. १८८० च्या कौन्सिलात गुहागरच्या कुळाची जागा अशीच रिकामी होती, आणि तिची किंमत पुढच्या तीन पिढ्यांनी खळ्यात मोजून दिली.

आता गुहागर हा स्वतंत्र मतदारसंघ आहे, २८८ जागांपैकी एक. एकेकाळी अर्धेलीने भात देणाऱ्याचे पणतू आणि ते घेणाऱ्याचे पणतू एकाच रांगेत उभे राहून मत देतात, आणि दोघांच्या मताचे वजन सारखे असते. हे एवढे घडायला १८६१ पासून १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत सुमारे नव्वद वर्षे लागली आणि त्या काळात सभागृहाचे अधिकार कधीच पुरते नव्हते. तरीही प्रश्न विचारण्याची मुभा, मग ठरावाची, मग विधेयकाची, असे मिळाले ते प्रत्येक साधन कोणीतरी कुळाच्या वतीने वापरले. पूर्ण अधिकार येईपर्यंत थांबू असे बोले म्हणाले नाहीत, आंबेडकर म्हणाले नाहीत, चरीची माणसे म्हणाली नाहीत. विधानसभेविषयी आज जो उबग व्यक्त होतो त्याला कारणे आहेत. पण त्या उबगापायी तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे हिशेब पुन्हा दोघांवर सोडणे. खळ्यातला तिसरा माणूस मोठ्या कष्टाने मिळाला आहे. तो आपल्या वतीने काय विचारतो आणि काय विचारत नाही, याची नोंद ठेवणे हे आता गुहागरच्या मतदाराचे काम आहे.